टाकाऊतून गणपतीची आरास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती जवळ आले की मंडळाच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर सगळीकडे तेच तेच प्रश्न येतात, यंदा थर्माकोल नको मग काय करायचं, पुठ्ठा टिकतो का, बाटल्यांचं मखर करू का, वगैरे. दरवेळी नव्याने टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून ठेवलंय. घरचं मखर आणि मंडळाचा मांडव दोन्हीचं आहे, आपापल्या कामाचं बघून घ्या.

टाकाऊपासून आरास म्हणजे नक्की काय धरायचं? जुनी वस्तू वापरली की झालं का?

नाही, एवढ्याने होत नाही. बहुतेक जण मखर कशाचं बनवलं तेवढंच बघतात, पण माझ्या मते खरा प्रश्न हा की विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ते कुठे जाणार. फ्रिजचा खोका आणला, त्याला ऑइलपेंट मारला, वर चमकी चिकटवली, हॉट ग्लूने प्लास्टिकची फुलं लावली, तर खोका जुना होता हे खरं पण आता तो रद्दीवालाही घेणार नाही. चांगला विकला जाणारा पुठ्ठा आपण दहा दिवसांसाठी कायमचा कचरा करून टाकला. त्यापेक्षा तोच खोका नुसता कापून, खाचेत खाच अडकवून उभा केला, रंग पाण्याचा दिला, तर अनंत चतुर्दशीनंतर सुटा करून पुढच्या वर्षी परत उभा राहतो, आणि नाहीच ठेवायचा तर सरळ रद्दीत जातो. खालची सगळी उत्तरं याच एका गोष्टीला धरून लिहिली आहेत.

थर्माकोल पूर्ण बंद आहे का? दुकानात तर मिळतो अजून.

सजावटीसाठी बंद आहे. महाराष्ट्र सरकारची अधिसूचना 23 मार्च 2018 ची, आणि तीन महिन्यांची मुदत संपल्यावर जूनपासून अंमलबजावणी सुरू झाली. त्या वर्षी थर्माकोलवाल्यांच्या संघटनेने निदान त्या गणपतीपुरती तरी सूट द्या म्हणून मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली होती, जुलै 2018 मध्ये कोर्टाने ती नाकारली. दंड पहिल्यांदा 5,000 रुपये, दुसऱ्यांदा 10,000 आणि तिसऱ्यांदा 25,000 रुपये आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. पुढे 1 जुलै 2022 पासून केंद्राची सिंगल यूज प्लास्टिकवरची बंदी आली, तिच्या यादीत सजावटीचा थर्माकोल स्पष्ट लिहिलाय. त्याच यादीत 100 मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर पण आहेत, हे मंडळांनी लक्षात ठेवा कारण कमानी आणि शुभेच्छांचे फलक लावताना ते कुणाच्याच डोक्यात नसतं.

थर्माकोल वाईट का तर तो जवळजवळ सगळा हवाच असतो, आकारमानाच्या 98 टक्के. त्यामुळे गोळा करून नेणं कुणालाच परवडत नाही, ट्रकभर नेला तरी हातात माल थोडाच. भंगारवाला त्याला हात का लावत नाही त्याचं कारण हेच. शिवाय त्याचे ते पांढरे मणी एकदा सुटले की गटारात, नदीत, खाडीत जातात, तिथून कुणी वेचून काढू शकत नाही. आणि पेटला की काळा धूर करत वितळून टपकतो, समईशेजारी असली वस्तू ठेवायची हीच मुळात चुकीची गोष्ट होती.

घरात आधीचं थर्माकोलचं मखर पडून आहे, ते वापरलं तर चालेल का?

कायद्याच्या नजरेने ती थर्माकोलची सजावटच आहे त्यामुळे नाही. फोडून कचऱ्यात टाकू नका, अख्खंच्या अख्खं सुक्या कचऱ्यात द्या, किंवा महापालिकेचं संकलन केंद्र जवळ असेल तर तिथे नेऊन द्या. जाळू तर मुळीच नका.

रद्दी, भंगार देवापुढे चालतं का? सासूबाईंना पटत नाही.

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. देवापुढे स्वच्छ, कोरं असावं ही भावना खरी आहे आणि ती जपूनच सगळं करता येतं. उलट आपल्या घरच्या परंपरेकडे बघा. गौरी कशावर उभ्या राहतात? घरातले पितळेचे, स्टीलचे डबे एकावर एक रचायचे, नाहीतर धान्याची कोठी घ्यायची, वर मुखवटा, ठेवणीतली साडी नेसवायची, आणि विसर्जन झालं की डबे परत फडताळात. दाराला आंब्याची डहाळी, मांडवाला केळीचे खुंट, सगळं चार दिवसांचं. गोव्यात आणि तळकोकणात गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात, लाकडी चौकटीला रानातली फळं, शेंगा, वेली, सुपारीचे घोस, नारळ, आणि नंतर खाण्यासारखं वाटून खातात, उरलेलं मातीला. मूर्ती स्वतः पार्थिव, म्हणजे मातीची, मातीत परत जाणारी. तेव्हा घरातल्याच वस्तू वापरून चार दिवसांचं देवघर उभारणं हे काही नवीन फॅड नाही, सासूबाईंना हे सांगून बघा, बहुतेकदा पटतं.

मात्र काही पथ्यं पाळा. चपला-बुटांचे खोके मी वापरत नाही, अंडी-मटणाच्या पॅकिंगचे तर नाहीच. खोका आधी उन्हात टाकून झटकून घ्या, तेलाचा डाग असलेला भाग कापून काढा. आणि वर्तमानपत्र वापरत असाल तर छापील बाजू दिसू देऊ नका, आरतीला उभं राहिल्यावर समोर निधनाच्या बातम्या आणि अपघाताचे फोटो वाचायला लागले तर कुणालाही वाईट वाटेल. वर साधा पांढरा किंवा खाकी कागद चिकटवला की विषय संपला.

घरी मखर करायचंय, कधीच केलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

मूर्तीपासून. मूर्ती बुक केली असेल तर तिची उंची, रुंदी आणि पाटाची मापं आणा. मूर्तीच्या दोन्ही बाजूंना निदान वीतभर आणि डोक्यावर हातभर जागा मोकळी पाहिजे, कारण हार घालायचाय, दूर्वा वाहायच्यात, उत्तरपूजेला मूर्ती हलवायची आणि मग उचलून बाहेर काढायचीय. मखर सुंदर झालं आणि मूर्ती आत जाईना असे फोन मला ऐन हरतालिकेच्या रात्री येतात.

पहिला नियम: मूर्तीचं वजन मखरावर कधीही नाही. शाडूची मूर्ती दिसते त्यापेक्षा खूप जड असते. ती चौरंगावर किंवा टेबलावर, आणि मखर तिच्या भोवतीने स्वतंत्र उभं. मखर पडलं तरी मूर्तीला धक्का लागता कामा नये.

मग पुठ्ठा. फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्हीचे खोके इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मागितले की मिळतात. पुठ्ठा थरांवर मोजतात, थ्री प्लाय, फाइव्ह प्लाय, सेव्हन प्लाय. साध्या कुरिअरचा खोका थ्री प्लाय असतो, तो नक्षी कापायला बरा. खांब, कमान, पाठ यासाठी फाइव्ह प्लाय घ्या. आता सगळ्यात महत्त्वाचं: पुठ्ठ्याची कड बघा, आत नागमोडी कागद दिसेल. त्या नागमोडी कागदाच्या पोकळ नळ्या, म्हणजे नळ, उभे राहतील असाच तुकडा कापायचा. नळ आडवे आले तर तोच पुठ्ठा दुसऱ्या दिवशी कंबरेत वाकतो. नव्वद टक्के लोकांचं मखर इथेच फसतं, आणि दोष मात्र पुठ्ठ्याला देतात.

जोडताना गोंदाऐवजी खाच. एका तुकड्याला वरून निम्म्यापर्यंत चीर, दुसऱ्याला खालून निम्म्यापर्यंत, आणि एकमेकांत बसवायचे. चिरेची रुंदी पुठ्ठ्याच्या जाडीएवढीच, किंचित कमी चालेल, जास्त अजिबात नको, नाहीतर सगळं डुगडुगतं. आधी कुठल्यातरी कपट्यावर चीर मारून बसवून बघा मगच खऱ्या तुकड्याला हात लावा. चार खांब, मागची पाठ, वरची कमान एवढे तुकडे असे अडकवले की सगळं घडी घालून पलंगाखाली मावतं. खांबांसाठी अजून सोपं म्हणजे कापडाच्या दुकानात ताग्याच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळ्या पडलेल्या असतात, त्या मागा, बरेच दुकानदार तशाच देतात, त्या इतक्या भक्कम असतात की वरचा भार आरामात घेतात.

कटर मोठ्यांनीच चालवायचा. मुलांना मापं घेणं, रंगवणं, कागदाची फुलं करणं द्या, त्यातही त्यांचा तास-दोन तास मजेत जातो.

दमट हवेने पुठ्ठा मऊ पडतो, पाऊस असतो तेव्हा काय?

भाद्रपद म्हटल्यावर हे होणारच. पुठ्ठा जमिनीवर टेकवू नका, खाली पाट, विटा, लाकडी पट्टी काहीतरी द्या, कारण ओल बहुतेक खालूनच चढते, लादी पुसतानाही तिथेच पाणी लागतं. कापलेल्या कडा उघड्या ठेवू नका, कागदाची पट्टी खळीने चिकटवून बंद करा. खिडकीशेजारी मखर लावायचं टाळा. लॅमिनेशन किंवा प्लास्टिक शीट लावून वॉटरप्रूफ करायचा मोह होतो, तो आवरा, त्याने पुठ्ठा रद्दीतून बाद होतो. दहा दिवस घरात कोरड्या कोपऱ्यात फाइव्ह प्लाय नीट उभा राहतो.

वर्तमानपत्राच्या सुरळ्यांचं मखर खरंच उभं राहतं का? फोटोत बरं दिसतं.

राहतं, आणि पुठ्ठ्यापेक्षा हलकं होतं, फक्त वेळ खातं. सायकलचा स्पोक किंवा विणकामाची सुई घ्या, कागदाच्या एका कोपऱ्यावर तिरकी ठेवून घट्ट गुंडाळत जा, शेवटच्या कोपऱ्याला खळ लावून बंद, सुई ओढून काढा. एक सुरळी लेचीपेची वाटते, पण चार-पाच एकत्र दोऱ्याने बांधल्या की हाताने मोडायला जोर लावावा लागतो. चौकट करताना तिरकी सुरळी घालाच. चौकोन कोपऱ्यात हलतो, त्रिकोण हलत नाही, मांडववाले बांबूला जो तिरका आडणा मारतात तो त्यासाठीच.

कागदाच्या ताकदीबद्दल शंका असेल तर जपानी आर्किटेक्ट शिगेरू बान यांचं काम बघा. 2000 साली जर्मनीत हॅनोवरला जागतिक प्रदर्शन होतं, तिथला जपानचा मंडप त्यांनी पुनर्वापर केलेल्या कागदाच्या नळ्यांचा केला होता, साधारण 15 मीटर उंच, फ्राय ओटो या जर्मन आर्किटेक्टच्या साथीने. त्याचा पाया काँक्रीटचा नव्हता, वाळू भरलेल्या पेट्यांचा होता, म्हणजे प्रदर्शन संपल्यावर सगळं सुटं करून परत वापरात देता यावं हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. मला त्यांच्या कामातली हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते, उभं कसं करायचं याच्या आधी उतरवायचं कसं ते ठरवलं. आणि हेच बान 2001 च्या भूकंपानंतर भुजला आले होते, तिथे कागदी नळ्यांच्या भिंतींची तात्पुरती घरं बांधली, पायाला पडलेल्या इमारतींचाच राडारोडा, छपराला बांबू आणि चटया. 2014 मध्ये त्यांना प्रित्झकर हा वास्तुकलेतला मोठा पुरस्कार मिळाला. कागदात माणसं राहू शकतात तर आपला बाप्पा दहा दिवस नक्की राहील.

प्लास्टिकच्या बाटल्यांची, सीडीची, चमच्यांची आरास इको-फ्रेंडली धरायची का?

यावर लोक माझ्याशी भांडतात पण माझं मत पक्कं आहे. पाण्याची बाटली ही भंगारात किंमत असलेली वस्तू आहे, कचरावेचक ती वेचतात, विकतात, तिचा धागा होतो, सतरंज्या-टीशर्ट होतात. तुम्ही शेकडो बाटल्या कापल्या, स्प्रे पेंट मारला, हॉट ग्लूने चिकटवल्या, की ती साखळी तुटली. त्यातून आरास छान दिसेल, पेपरात फोटो येईल, पण कचरा वाढलाच. बाटल्या वापरायच्याच असतील तर न कापता, न रंगवता, तारेने किंवा सुतळीने बांधून वापरा, आत रंगीत पाणी भरून मागून दिवा सोडला तर भिंतच्या भिंत उजळते, आणि नंतर पाणी झाडांना नाही बरं का, रंगाचं पाणी ड्रेनेजमध्ये, म्हणून शक्यतो रंगीत कागद मागे लावून साध्या पाण्यावरच काम भागवा. आरास उतरली की झाकणं लावून बाटल्या भंगारात. आणि आरासीसाठी म्हणून मुद्दाम नव्या बाटल्या, नवे चमचे विकत आणणं याला टाकाऊतून टिकाऊ म्हणणं मला बरोबर वाटत नाही.

गोंद आणि रंग कुठले वापरू?

घरची खळ सगळ्यात उत्तम. एक वाटी मैदा, थोड्या थंड पाण्यात गुठळ्या मोडून घ्यायचा, मग एकूण पाचेक वाट्या पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचं, पारदर्शक दिसायला लागलं की उतरवा. चिमूटभर तुरटी घातली की लवकर आंबत नाही. जुने बाइंडर मोरचूद घालायचे म्हणून काही जण सुचवतात, ते विष आहे, पोरांच्या हातात जाणाऱ्या खळीत नको. खळ अगदी पातळ थरात लावा आणि पूर्ण वाळू द्या, जाड लावली तर झुरळं येतात. फेव्हिकॉल थोडा चालतो. बाजारातली ती चॉकलेटी चिकटपट्टी कागदी दिसते पण ती प्लास्टिकची असते, त्याऐवजी कागदी मास्किंग टेप घ्या.

रंगात गेरू, चुना, हळद, पोस्टर कलर. खाकी पुठ्ठ्यावर गेरूचा हात आणि वर पांढऱ्या रंगाने वारलीची नक्षी काढली तर दुसरं काही लागतच नाही. चमकी म्हणजे बारीक प्लास्टिकच, तिला घरात आणूच नका. लग्नपत्रिका कापून नक्षी करतात ती कल्पना मला फार आवडते, फक्त प्लास्टिकचा पापुद्रा असलेल्या पत्रिका वेगळ्या काढा, फाडून बघा, कागद फाटताना पातळ पारदर्शक पदर ताणला गेला तर तो पापुद्रा.

कागद, पुठ्ठा, कापड, शेजारी समई. आगीची भीती वाटते.

वाटायलाच पाहिजे. समई, निरांजन, उदबत्ती, कापूर यांच्या वर सरळ रेषेत काही नको, ना झालर ना कमान, आणि बाजूने हातभर अंतर. समई पितळेच्या ताटात ठेवा. आरती झाल्यावर कापूर पूर्ण विझेपर्यंत आरतीचं ताट मखराच्या आत परत ठेवू नका. माळा एलईडीच्याच, जुन्या तापणाऱ्या बल्बच्या नकोत, प्लग रात्री काढा. अखंड दिवा असेल तर काचेच्या चिमणीत, आणि घरात कुणीतरी जागं असावं.

सुती कापड आणि कागदाला एक जुना उपाय आहे. दोन लिटर कोमट पाण्यात साधारण 200 ग्रॅम टाकणखार आणि 85 ग्रॅम बोरिक पावडर विरघळवायची, कापड त्यात भिजवून वाळवायचं, पुठ्ठ्यावर स्प्रेने मारायचं आणि वाळवायचं. याने वस्तू जळत नाही असं मुळीच नाही, पण ज्वाळा पटकन पसरत नाही, तेवढा वेळ मिळतो. कापड धुतलं की परिणाम गेला. सिंथेटिकवर याचा उपयोग नाही. हातमोजे घाला, स्वयंपाकाची भांडी वापरू नका, मुलांना लांब ठेवा, आणि रंग उतरतो का ते आधी कोपऱ्यावर बघा. बाजूला पाण्याची बादली हवीच.

मंडळाचा मोठा मांडव या पद्धतीने होईल का? आमच्याकडे गर्दी असते.

होईल, पण इथे हौस बाजूला ठेवून बोलतो. गर्दीच्या वर, गर्दीच्या शेजारी जे काही उभं राहणार त्याचा सांगाडा मांडववाल्याचाच हवा, बांबू, बल्ल्या नाहीतर लोखंडी पाइप. टाकाऊ वस्तू फक्त दर्शनी भागाला, आतल्या भिंतींना, देखाव्याला. आणि खरं बघता हा सांगाडाच सगळ्यात जास्त वेळा वापरला जाणारा भाग आहे, तोच बांबू गणपतीत, नवरात्रात, लग्नात, वर्षानुवर्षं. काथ्याने बांधलेला मांडव सोडताना एक खिळा वाया जात नाही.

तात्पुरत्या मांडवांच्या आगीसाठी भारतीय मानक आहे, आयएस 8758, मंडळातल्या एकाने तरी ते वाचावं. त्यातला सूर असा की सिंथेटिक कापड आणि दोऱ्या टाळा, काथ्या वापरा, विजेच्या तारांखाली मांडव नको, शेजारच्या इमारतींपासून अंतर सोडा, बाहेर पडायच्या वाटा मोकळ्या. महापालिका, पोलीस, अग्निशमन यांची परवानगी लागतेच, आणि उंच देखावा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून तपासून घ्या. पुठ्ठ्याची मोठी सलग भिंत वाऱ्याला शिडासारखी फुगते, म्हणून नक्षी आरपार कापा, वारा निघून जाऊ द्या. खांबासाठी रस्ता खणू नका, वाळू भरलेले पत्र्याचे डबे किंवा पिंप वापरा, वाळू नंतर बांधकामाला जाते.

कल्पनांसाठी कोलकात्याकडे बघा. तिथल्या दुर्गापूजेला डिसेंबर 2021 मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं. 2001 मध्ये बोसपुकुर शीतला मंदिराच्या पूजेत मंडप चहाच्या मातीच्या कपांनी मढवला होता, टपरीवर चहा पिऊन फेकतात ते कप, लोकांनी तो बघायला रांगा लावल्या. एकच साधी वस्तू, शेकडो-हजारोंनी, नीट ओळीत. मंडळांना माझा सल्ला हाच, दहा प्रकारचं भंगार एकत्र चिकटवू नका. सुपं असतील तर नुसती सुपं, टोपल्या असतील तर नुसत्या टोपल्या, भाजी मंडईतल्या फळांच्या लाकडी पेट्या असतील तर फक्त पेट्या, आणि त्या आणल्या तिथेच परत द्या. आमच्या गल्लीत पेट्यांचा आख्खा दरवाजा केला होता, नुसत्या सुतळीने बांधून, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पो आला आणि पेट्या मंडईत सफरचंदाला परत लागल्या.

जुन्या साड्या वापरू का?

नक्की. पाठीमागे चुण्या घालून सोडलेली नऊवारी कुठल्याही विकतच्या पडद्यापेक्षा देखणी दिसते. सुती किंवा रेशमी घ्या, जॉर्जेट-नायलॉन दिव्यांपासून लांब कारण ते वितळून अंगाला चिकटतं. कापू नका, खिळे मारू नका, पिना आणि दोरी पुरे. आजीची साडी असेल तर मखर बघताना तिची आठवण येते, घरातले सगळे येऊन हात लावून बघतात.

जुन्या फ्लेक्सचं काय करायचं?

मांडवाच्या वर पावसाला आडोसा म्हणून, ताडपत्रीसारखा वापरा, छापील बाजू आत-बाहेर कशीही. दिव्याजवळ नको, आणि जाळायचा तर कधीच नाही, पीव्हीसीचा धूर विषारी असतो. नवीन फ्लेक्स छापूच नका, कापडावर रंगवून घ्या, अजूनही चांगले पेंटर आहेत आणि त्यांना काम हवंय.

हे सगळं स्वस्त पडतं का?

साहित्य जवळपास फुकट, मेहनत भरपूर. पहिल्या वर्षी वेळ जातो, दुसऱ्या वर्षी तेच मखर अर्ध्या तासात उभं राहतं. रोजंदारीवर कारागीर लावून करून घेतलं तर थर्माकोलपेक्षा महाग पडू शकतं, ते पैसे कारागिराच्या हातात जातात हे मला तरी चांगलंच वाटतं.

बाजारात इको-फ्रेंडली लिहिलेली मखरं मिळतात, ओळखायची कशी?

कड बघा आणि नख लावा. नागमोडी पुठ्ठा दिसला तर ठीक. पांढरा, हलका, फेसासारखा फोम असेल तर तो प्लास्टिकच, नाव काहीही असो. सोनेरी पत्रा, मोती, वेल्वेटचा फ्लॉकिंग कागद लावलेला असेल तर पुठ्ठा असूनही पुढे रद्दीत जायचा नाही. दुकानदाराला सरळ विचारा की सुटं होतं का, पुढच्या वर्षी एखादा भाग वेगळा मिळेल का. घडीची पुठ्ठ्याची मखरं बनवणारे मुंबई-पुण्यात आता बरेच आहेत, ती घ्यायला काहीच हरकत नाही.

आम्ही परदेशात असतो, हॉल भाड्याने घेऊन गणपती करतो.

मग घडीचं मखर तुमच्यासाठीच आहे, बॅगेत सपाट बसतं. हॉलवाल्यांना दोन गोष्टी आधी विचारा, उघडा दिवा चालतो का आणि सजावटीचं कापड अग्निरोधक असल्याचा कागद लागतो का. बऱ्याच ठिकाणी धूर ओळखणारा अलार्म कापराच्या आरतीला वाजतो. तिकडे मोठे खोके आणि कागदी नळ्या भरपूर मिळतात, इथून काही न्यायची गरज नाही, फक्त तोरण आणि साड्या न्या.

विसर्जन झालं, आता मखराचं काय?

त्याच संध्याकाळी दमलेले असताना हात लावू नका, ओढून फाडलं जातं. दुसऱ्या दिवशी सावकाश, ज्या क्रमाने जोडलं त्याच्या उलट. प्रत्येक तुकड्याच्या मागे पेन्सिलीने आकडा घाला आणि जोडलेल्या मखराचा एक फोटो मोबाइलमध्ये ठेवा. माळा गुंडाळून वेगळ्या. फुलं, दूर्वा, पत्री निर्माल्यात, त्यातून दोरे आणि जरीचे हार आधी काढा, नाहीतर खतात प्लास्टिक जातं. ठेवायचा पुठ्ठा एक दिवस उन्हात टाकून मग जुन्या चादरीत, माळ्यावर, भिंतीला न टेकवता. नको असलेला चिकटपट्टी सोलून, सपाट करून, कोरडाच सुक्या कचऱ्यात द्या, भिजलेल्या पुठ्ठ्याला भाव येत नाही. पुण्यात कचरा न्यायला येणाऱ्या 'स्वच्छ' नावाच्या संस्थेच्या ताईंचं उत्पन्न याच सुक्या मालावर बरंचसं अवलंबून असतं, ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे, त्यांच्या हातात स्वच्छ आणि बांधलेला पुठ्ठा द्या.

किती दिवस आधी सुरुवात करायची?

खोके आषाढातच जमवायला लागा, कारण श्रावणात सगळ्यांनाच हवे असतात आणि दुकानदार नाही म्हणतो. कापणं आणि खाचा नारळी पौर्णिमेच्या सुमारास, रंग त्यानंतरच्या कोरड्या रविवारी. पोळ्यापर्यंत एकदा पूर्ण उभं करून, रिकामा पाट आत ठेवून, दिवे लावून बघा, जे डुगडुगतंय ते तेव्हाच कळतं आणि दुरुस्त करायला हातात दोन-तीन दिवस राहतात.